भोक न पाडता स्लायडिंग खिडकीत बसणारी व्हेंट पट्टी: वापरून झालेलं मत

बेडरूमला एकच स्लायडिंग खिडकी आणि रात्री ती उघडी टाकून झोपता येत नाही, कारण पाऊस आत येतो, डास येतात, रस्त्याचा आवाज येतो किंवा घरात लहान मूल आहे, अशी ज्यांची परिस्थिती असेल त्यांनी हे नीट वाचा. ही वस्तू खरंच कामाची आहे, पण हिच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात "मस्त आहे, दिसत पण नाही" एवढंच असतं, हवा किती येते ते कोणीच सांगत नाही. आणि घ्यायची तर हवेसाठीच घ्यायचीय ना.

वस्तू म्हणजे एक उभी अरुंद पट्टी. खिडकीची काच चार-पाच इंच सरकवायची आणि काच आणि चौकट यांच्यामध्ये जी उभी जागा मोकळी होते तिथे ही पट्टी बसवायची. पट्टीला वर एक आणि खाली एक असे दोन व्हेंट, दोघांना आतून उघडबंद करायची झडप, बाहेरून खाली कललेल्या पट्ट्या आणि मध्ये बारीक जाळी. मधला तुकडा सरकतो म्हणून उंची कमीजास्त करता येते आणि आतल्या स्प्रिंगच्या दाबाने पट्टी वरच्या आणि खालच्या ट्रॅकमध्ये घट्ट बसते. कडेला फोम. स्क्रू नाही, ड्रिल नाही, सिलिकॉन नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ह्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, घर सोडताना अॅल्युमिनियमला पाडलेलं एक भोक डिपॉझिटमधून किती कापून नेतं ते ज्याचं कापलं गेलंय त्यालाच माहीत.

आता आधी हे, की मुळात लागते कशाला. खूप जणांना वाटतं पंखा चालू आहे म्हणजे हवा खेळती आहे. पंखा तीच हवा फिरवतो. घरात असतो तो स्प्लिट एसीसुद्धा बहुतेक वेळा खोलीतलीच हवा आत ओढून, थंड करून परत खोलीतच सोडतो, बाहेरची ताजी हवा तो घेत नाही. म्हणजे दार-खिडकी लावून एसीत झोपलेली दोन माणसं रात्रभर एकमेकांनी सोडलेलीच हवा आत घेत असतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो आणि बंद बेडरूममध्ये पहाटेपर्यंत तो 2000 च्या पुढे जाणं अगदी कॉमन आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी 1858 मध्येच खोलीतल्या हवेसाठी 1000 पीपीएमची मर्यादा सुचवली होती आणि तीसुद्धा ह्या वायूला विष मानून नाही, तर माणसांच्या श्वासाने आणि अंगाच्या वासाने हवा किती शिळी झालीय त्याची खूण म्हणून. सकाळी उठल्यावर डोकं जड, खोलीत कुबट वास, बाहेरून कोणी आत आलं की त्याला तो वास लगेच जाणवतो आणि आपल्याला काहीच जाणवत नाही, ही बहुतेकदा शिळ्या हवेचीच लक्षणं.

आमच्याकडे कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर सकाळचा आकडा दोन हजाराच्या वरच असायचा. पट्टी लावल्यावर, दोन्ही झडपा पूर्ण उघड्या आणि बाहेर जरा तरी वारं असेल तर तो अकराशे-तेराशेच्या मध्ये राहतो. बाहेर पान हलत नसेल त्या रात्री पंधराशेच्या आसपास. म्हणजे उघड्या खिडकीची बरोबरी नाही, पण सकाळी उठल्यावरचा फरक अंगाला कळतो, त्यासाठी मीटर बघावा लागत नाही. तरी मीटर घेणार असाल तर एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा) असलेलाच घ्या, काही मीटरवर "ईसीओटू" असं लिहिलेलं असतं, ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, हवेतल्या दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतात आणि तुम्ही परफ्यूम मारला तरी आकडा उसळी घेतो.

बसवायला सोपी आहे पण घाई करू नका. सगळ्यात आधी ट्रॅकची उंची तीन ठिकाणी मोजा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, कारण खिडकीची चौकट वरून सरळ दिसली तरी पाच-सहा मिलिमीटरचा फरक निघतो आणि तेवढ्या फरकाने वरचा फोम एका कोपऱ्यात दबतच नाही. मोजमाप घ्यायचं ते ट्रॅकच्या आतल्या तळापासून, काठापासून नाही. मग ट्रॅक साफ करा, म्हणजे खरंच साफ, जुना टूथब्रश घेऊन, कारण तिथे जी वाळू आणि केसांची गुंतवळ साठलेली असते तिच्यावर पट्टी बसवली तर ती कधीच नीट टेकत नाही. आणि साफ करतानाच खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने असलेली छोटी लांबट भोकं शोधून ठेवा, ती पावसाचं पाणी बाहेर जायला असतात. पट्टीचा पाय त्यांच्यावर येता कामा नये. आला तर पहिल्या मोठ्या पावसात ट्रॅक भरून पाणी आतल्या भिंतीवर उतरेल आणि तुम्ही व्हेंटला दोष द्याल.

पट्टी वरच्या ट्रॅकमध्ये आधी घालायची, स्प्रिंग दाबून खालचा पाय ट्रॅकवर आणायचा आणि हळूच सोडायची. एकटीने जमतं. मग काच सरकवून पट्टीच्या खाचेत आणायची, ह्या खाचेत आतून रबरी कड आहे ती काचेच्या फ्रेमला पकडते. इथपर्यंत डब्यातल्या कागदावरची चित्रं बरोबर आहेत.

जे चित्रात नीट दाखवलेलं नाही आणि जिथे बहुतेक लोक फसतात ते पुढे आहे. स्लायडिंग खिडकीच्या दोन काचा बंद असताना मध्ये एकमेकींत अडकतात आणि तिथली फट झाकली जाते. आपण एक काच चार-पाच इंच सरकवली की ती अडकण सुटते आणि दोन काचांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी फट उघडी पडते. ती आतून पटकन दिसत पण नाही, पडद्याच्या मागे असते. व्हेंटला कितीही बारीक जाळी लावा, डास ह्याच फटीतून रांगेने आत येणार, आणि पाऊस तिरका असेल तर पाणी पण. पट्टीबरोबर ह्यासाठी एक फोमची लांब पट्टी दिलेली आहे ती मला अजिबात पटली नाही, ती सुरुवातीला फुगलेली असते म्हणून छान बसते, उन्हाने दबून पातळ झाली की बाजूने उजेड दिसायला लागतो. त्याऐवजी दाट केसांची ब्रश पट्टी मिळते, स्लायडिंगच्या कडेला कारखान्यातूनच लावलेली असते तशीच पण उंच केसांची, ती फटीच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त उंचीची घेऊन आतल्या काचेच्या फ्रेमला चिकटवायची. काच सरकवता येते, फट बंद राहते, काढायची झाली तर निघते. लावून झाल्यावर रात्री खोलीतला दिवा बंद करून बाहेरच्या उजेडात बघा, कुठे रेघ दिसते का. दिसली तर तिथे केस कमी पडलेत.

ही ब्रश पट्टी डब्यातच द्यायला हवी होती. एवढी विचार करून बनवलेली वस्तू आणि नेमकं तिथे हात आखडला, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याला ही फट लक्षात येणार नाही तो डास आले म्हणून पट्टी काढून कपाटावर टाकून देईल.

आता मुख्य मुद्दा, हवा. डब्यावर व्हेंटची लांबी-रुंदी दिलीय, पण हवेला खरंच किती जागा मिळते ते दिलेलं नाही. हे दोन्ही वेगळं आहे. बाहेरच्या पट्ट्या, मधली जाळी, झडपेचा कोन, सगळं मिळून दिसणाऱ्या भोकातली बरीच जागा खाल्ली जाते. साधी डासांची जाळीच तिच्या तारांच्या जाडीने एक तृतीयांशाच्या आसपास जागा अडवते, आणि वारं मंद असताना तिचा अडथळा जास्तच जाणवतो. त्यात जाळीवर धूळ बसली की विषय संपला. मी टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी व्हेंटसमोर धरून बघते, जाळी स्वच्छ असते तेव्हा ती आत झुकते, जाळी राखाडी झाली की सरळ लोंबत राहते, इतका फरक. जाळी दोन बाजूंच्या क्लिपा दाबल्या की निघते आणि नळाखाली धुता येते, ही ह्या मॉडेलची खरोखर मोठी जमेची बाजू आहे. जाळी फिक्स असलेल्या पट्ट्या पण मिळतात. त्या घेऊ नका.

पण जाळीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे हवा आत आली तरी बाहेर कुठून जाणार. खिडकीत व्हेंट लावला आणि बेडरूमचं दार घट्ट बंद, दाराखाली फट नाही, तर आत येणारी हवा नाममात्रच असते. आत यायची वाट 100 चौरस सेंटिमीटर आणि बाहेर जायची 10 असेल तर खोलीला मिळतं ते जवळपास 10 चंच. 76 सेंटिमीटर रुंद दाराखाली 10 मिलिमीटर फट असली की 76 चौरस सेंटिमीटर वाट मिळते, ब्रिटनच्या बांधकाम नियमांत आतल्या दारांसाठी हाच हिशेब धरलाय. आणि आपण काय करतो, तर झुरळं येतात म्हणून दाराखाली रबर लावतो. ते रबर रात्री काढा किंवा दार इंचभर उघडं ठेवा, आणि घराच्या दुसऱ्या बाजूला एखादी खिडकी किलकिली असू द्या. मग बघा टिश्यू कसा हलतो. ज्यांच्या बेडरूमला लागून बाथरूम आहे त्यांच्यासाठी तर सोपंच आहे, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू केला की तो खोलीतली हवा ओढतो आणि व्हेंटमधून नवी हवा आपोआप येते, वारं असो वा नसो. आमच्याकडे वारं पडलेल्या रात्रीचा इलाज हाच आहे.

वर आणि खाली असे दोन व्हेंट का दिलेत तर गरम हवा वरच्यातून बाहेर जावी आणि गार हवा खालच्यातून आत यावी म्हणून. तत्त्व बरोबर आहे पण त्याचा जोर फार नसतो, एक मीटर उंचीचा फरक आणि आतबाहेर 5 अंशांचा फरक असेल तर दाब जेमतेम 0.2 पास्कल भरतो. त्याउलट सेकंदाला 2 मीटर इतकं साधं वारं खिडकीवर आलं तरी 2 पास्कलच्या वर जातो. म्हणून "वारं नसतानाही भरपूर हवा" असं जाहिरातीत वाचलं तर त्यावर हातचं राखूनच विश्वास ठेवा. बाहेर खूप गार आणि आत उबदार असेल तेव्हा हा वर-खालीचा खेळ चांगला चालतो, उकाड्यात आतबाहेर सारखंच तापमान असलं की जवळजवळ नाही. खोली फार लांब असेल तर हेही लक्षात असू द्या, की एकाच बाजूने उघडलेल्या खिडकीची हवा साधारण खोलीच्या उंचीच्या दोन-अडीच पटीपर्यंतच नीट पोचते असं वास्तुरचनेत धरतात, त्याच्या पलीकडे कॉट असेल तर कॉट सरकवणं हा उपाय पट्टीपेक्षा चांगला.

पावसाचं सांगायचं तर सरळ पाऊस अजिबात आत आला नाही. वाऱ्यासकट तिरका आला तेव्हा खालच्या व्हेंटच्या जाळीवर थेंब साठले आणि झडपेच्या कडेने थोडं ओल आलं, खालची झडप बंद करून वरची उघडी ठेवली की प्रश्न मिटतो. आवाजाच्या बाबतीत मात्र अपेक्षा ठेवू नका. आवाजाचा नियम फार कठोर आहे, भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त 1 टक्का जागा मोकळी असली तरी भिंत कितीही जाड असो, सगळं मिळून 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. उघड्या खिडकीपेक्षा खूपच कमी येतो, बंद खिडकीपेक्षा स्पष्ट जास्त येतो. झोप सावध असलेल्यांना आतून फोमचा वळणदार मार्ग असलेले आवाजरोधक व्हेंट वेगळे मिळतात, ते जाडजूड असतात आणि दिसतात पण.

धूळ. डासांच्या जाळीने पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, अडत नाहीत, अडूच शकत नाहीत, ते कण 2.5 मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक आणि जाळीची भोकं मिलिमीटरच्या मापातली. जवळ बांधकाम चालू असेल किंवा बाहेर धूर असेल तर त्या दिवशी झडपा लावून घ्या आणि हवा स्वच्छ झाली की उघडा. झडपा घट्ट बंद होतात, कडेला रबर आहे, त्यामुळे पट्टी कायम लावून ठेवायला हरकत नाही.

एसी चालू असताना व्हेंट उघडा ठेवला तर बिल वाढेल का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. वाढेल, पण घाबरायला होईल इतकं नाही. एवढ्याशा व्हेंटमधून सेकंदाला सात-आठ लिटर हवा आली, बाहेर दमट आणि आतल्यापेक्षा 8 अंशांनी गरम असेल, तर त्यातली उष्णता आणि बाष्प काढायला साधारण अडीचशे-तीनशे वॅटची थंड करायची ताकद जाते. एक टनाच्या एसीची ताकद साडेतीन किलोवॅटच्या आसपास असते, म्हणजे दहावा हिस्सा पण नाही. मी एक झडप पूर्ण आणि एक अर्धी ठेवते आणि मला ते योग्य वाटतं. गार दिवसांत तर उलट फायदाच आहे, श्वासातलं बाष्प बाहेर जातं म्हणून पहाटे काचेच्या तळाशी जे पाणी साठायचं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरायची ते खूप कमी झालंय.

सुरक्षेबद्दल सरळ बोलते. पट्टी लावल्यावर खिडकीची मूळ कडी लागत नाही, कारण काच चौकटीपर्यंत पोचतच नाही. सोबत ट्रॅकवर आवळायचा छोटा क्लॅम्प दिलाय, त्याने काच सरकत नाही. क्लॅम्पच्या आत रबर आहे तरी फार जोर लावून आवळू नका, ट्रॅकचा पत्रा पातळ असतो, चेपला की मग भोक न पाडल्याचा काय उपयोग. आणि पट्टी स्वतः स्प्रिंगवरच उभी आहे, बाहेरून कोणी नेट लावून ढकलली तर ती आत येऊ शकते. तळमजला असेल, खिडकीला ग्रिल नसेल, तर मी ही घ्यायला सांगणार नाही. लहान मुलं असतील तर पट्टी त्यांना अडवेल असं समजू नका, क्लॅम्प हवाच. एक चांगलं म्हणजे आतून स्प्रिंग दाबली की पट्टी काही सेकंदांत निघते, आगीसारख्या वेळी खिडकी पूर्ण उघडता आली पाहिजे आणि ती येते. हे लावल्यावर घरातल्या सगळ्यांना एकदा काढून दाखवा.

आणि ज्यांच्या खोलीत किंवा बाथरूममध्ये गॅस गिझर आहे त्यांनी अशा पट्टीच्या भरवशावर राहू नका, हात जोडून सांगते. त्यातून निघू शकतो तो कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास, आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर तो ओळखत नाही. गिझरसाठी त्याचा स्वतंत्र धूर बाहेर नेणारा पाइप आणि मोनॉक्साइडचा अलार्म, ह्याला पर्याय नाही.

दिसायला खरंच चांगली आहे. पांढऱ्या चौकटीला पांढरी घेतली तर लांबून चौकटच जरा रुंद असावी असं वाटतं, पडदा ओढला की काहीच नाही. मधला तुकडा दुधी प्लास्टिकचा आहे, उजेड अडत नाही. पांढरं प्लास्टिक उन्हात पिवळं पडतं हा सगळ्याच अशा वस्तूंचा त्रास, दिवसभर ऊन येणारी खिडकी असेल तर अॅल्युमिनियमचं व्हर्जन बघा. बाहेर उघडणाऱ्या बिजागरीच्या खिडक्यांना ही पट्टी बसतच नाही, ते आधीच बघून घ्या.

काढल्यावर डाग राहतो का? पट्टीचा नाही. ब्रश पट्टीच्या चिकटपट्टीचा राहतो, आणि तो ओढून काढू नका. हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू उलट्या दिशेने सोलायची, उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ फडक्याने पुसायचा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही नको, त्यातलं अॅसिटोन रंगाच्या कोटिंगला खातं आणि पट्टीच्या प्लास्टिकवर पडलं तर ते पांढरट होऊन तडकू शकतं. मी एका कोपऱ्यातली ब्रश पट्टी मुद्दाम काढून बघितली, चौकटीचा रंग जसाच्या तसा.

पाचपैकी चार स्टार देतेय. एक स्टार ब्रश पट्टी न दिल्याबद्दल आणि डब्यावर खरी मोकळी जागा न छापल्याबद्दल कापला. विक्रेत्याला दोन्ही लिहून कळवलंय आणि जाळी सुटी मिळेल का तेही विचारलंय, कारण धुऊन वाळेपर्यंत दुसरी जाळी हाताशी असली तर रात्र रिकामी जात नाही. त्यांचं उत्तर आलं की इथेच खाली टाकते.